स्वस्तातला परदेशी घडीचा चाकू कसा पारखावा

अमेरिकेत दहा-पंधरा डॉलरला हाडाच्या मुठीचा, पितळी अस्तराचा, दोन-तीन पात्यांचा घडीचा चाकू सहज मिळतो. नमुना जुना अमेरिकन, घडण चिनी. टेनेसीतल्या सेव्हियरव्हिलच्या स्मोकी माउंटन नाइफ वर्क्सचा ‘रफ रायडर’ हा त्यातला सगळ्यात ओळखीचा ब्रँड. तोच नमुना पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्डच्या केस कंपनीचा घ्यायचा, तर त्याच्या कितीतरी पट पैसे मोजावे लागतात. स्वस्त म्हणजे टाकाऊ असं मानणाऱ्यांशी माझं पटत नाही. ‘त्या किमतीत अजून काय हवं’ म्हणणाऱ्यांशी तर त्याहून नाही. एकाच खोक्यातून निघालेल्या दोन चाकवांत एक वर्षानुवर्षं खिशात ठेवावा असा असतो आणि दुसरा पार्सल उघडल्या उघडल्या परत पाठवावा असा. त्यामुळे ब्रँड पारखून भागत नाही, हातातला नग पारखावा लागतो.

पारखताना एक गोष्ट धरून चालायची. पोलाद स्वस्त आहे, गुराचं हाड स्वस्त आहे, पितळही या एवढ्याशा वस्तूत फारसं लागत नाही. महाग असतो तो कारागिराचा वेळ: पातं बसवून बघायचं, काढायचं, कानशीचा एक हात मारायचा, पुन्हा बसवायचं. किंमत उतरवायची झाली की कात्री लागते ती या वेळाला. म्हणून रंग, चकाकी, मुठीवरचा बिल्ला आधी बाजूला ठेवा आणि जिथे हाताने जुळवाजुळव करावी लागते, तिथे बघा.

आत काय असतं

हे चाकू स्लिपजॉइंट जातीचे. पात्याचं बूड मुठीत एका खिळ्यावर फिरतं. मुठीच्या पाठीला पोलादाची लांब पट्टी असते, तीच स्प्रिंग. ती बुडावर सतत दाब देत राहते आणि बुडाच्या सपाट बाजूवर टेकली की पातं थांबतं. लॉक नाही, बटण नाही. पातं उघडं राहतं ते केवळ पट्टीच्या दाबावर. पट्टी आणि बूड यांची जोडणी किती नेमकी झाली, यावर अख्खा चाकू उभा असतो. बुडाला खालून एक छोटा टेकूही असतो. चाकू मिटल्यावर तो पट्टीवर टेकतो आणि पात्याची धार पट्टीपासून अधांतरी राहते. हा टेकू लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

घेण्याआधी

पात्याच्या बुडावरचा शिक्का वाचा, दोन्ही बाजूंनी. आयात मालावर मूळ देशाचं नाव असलंच पाहिजे, हा अमेरिकेतला नियम १८९१ पासूनचा आहे. चाकूसुऱ्यांवर ते ठसवून किंवा कोरून टाकावं लागतं. पुढे मोठ्या अक्षरात जुनं अमेरिकन नाव आणि मागच्या बाजूला बारीक ‘चायना’ असं पुष्कळदा दिसतं. न्यूयॉर्क राज्यातल्या एलेनव्हिलचा श्रेड या जुन्या चाकू कंपनीचा कारखाना २००४ मध्ये बंद पडला, कॅमिलस ही तशीच दुसरी कंपनी २००७ मध्ये. नावं विकली गेली आणि त्या नावांचे चाकू चीनमधून येऊ लागले. त्यात फसवणूक काही नाही, पण आजोबांच्या श्रेडवर भरवसा ठेवून नवा श्रेड घेऊ नका.

ऑनलाइन घेत असाल तर मुठीच्या देखण्या फोटोवर जाऊ नका. मिटलेल्या आणि उघडलेल्या चाकूचा पाठीकडून काढलेला फोटो मागा. माल परत घेण्याच्या अटी आधी वाचा, कारण पुढच्या तपासणीत एखादा नग परत पाठवावा लागणं अगदी साहजिक आहे. आणि पहिलाच चाकू असेल तर एका पात्याचा घ्या. बार्लो किंवा सॉडबस्टर नावाचा नमुना चांगला. तीन पात्यांच्या स्टॉकमन नमुन्यात तीन सांधे, दोन पट्ट्या आणि एकमेकांना चुकवत मिटणारी तीन पाती असतात, म्हणजे चुकायला जागाही तितक्याच.

मिटलेला चाकू

उघडायची घाई नको. चाकू मिटलेलाच घ्या आणि पाठीवरून अंगठा फिरवा. अस्तराच्या पितळी पट्ट्या, मधली पोलादी पट्टी आणि बाहेरचं हाड एकसंध लागलं पाहिजे. कुठे नख अडकलं तर तिथे जुळणी राहिली आहे. मग मागे मोबाइलचा टॉर्च धरून पट्टी आणि अस्तर यांच्यामधून उजेड येतो का बघा. या किमतीत केसाएवढी उजेडाची रेघ मी चालवून घेतो. नख शिरेल एवढी फट असेल तर नाही. तिथे खिशातला धागा-धूळ आणि घाम साठतो, आणि आतून गंज धरतो तो बाहेरून दिसतही नाही.

आता पात्याच्या टोकावरून बोट हलकेच फिरवा. टोक मुठीच्या आत बुडालेलं असलं पाहिजे. बाहेर डोकावत असेल तर आधी खिशाचं अस्तर फाटेल, मग बोट. मुठीच्या दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या असतात, त्यांना बोल्स्टर म्हणतात; ते बहुधा जर्मन सिल्व्हरचे असतात. ते आणि हाड जिथे भेटतात ती रेघही नखाने तपासा.

उघडताना

पातं नखाच्या खाचेतून उघडायचं. मिटताना पात्याच्या पाठीवर तळहात टेकवून ढकलायचं, मुठीभोवती बोटं गुंडाळून नाही. लॉक नसलेल्या चाकवाने बोटं कापतात ती बहुतेक मिटतानाच.

पातं सावकाश उघडा आणि कान द्या. चांगल्या चाकवाला खटका असतो: पातं शेवटाला आलं की पट्टी बुडावर टक्‌कन बसते. मिटतानाही तसाच स्वच्छ आवाज यायला हवा. बऱ्याच चिनी चाकवांत अर्ध्यावरही एक थांबा असतो. पातं मुठीशी काटकोनात आलं की अडतं आणि पुढे जायला पुन्हा जोर लागतो. थांबा असावा की नसावा ही आवडीनिवडीची गोष्ट, पण असेल तर तिथेही खटका तितकाच ठसठशीत हवा. शेवटचा थोडा भाग पातं आळसटल्यासारखं सरकत गेलं, तर पट्टीत दम नाही किंवा बुडाचा कोपरा गोल झाला आहे. वाळू घासल्यासारखा आवाज आला तर घाबरू नका, आत पॉलिशची भुकटी अडकलेली असते. तिचा उपाय खाली आहे.

ओढ, म्हणजे पातं उघडायला लागणारा जोर, किती असावी? शौकीन मंडळी एक ते दहाच्या मापाने मोजतात. पाच-सहाच्या आसपास असली की रोजच्या वापराला ठीक. नख मोडेल इतकी कडक पट्टी म्हणजे मजबूत चाकू, हा गैरसमज आहे. असा चाकू घरातलं दुसरं कुणी उघडतच नाही, आणि उघडायला गेलं की हात निसटतो.

यानंतरची पायरी पुष्कळ जण गाळतात. पाठीची पट्टी तिन्ही अवस्थांत बघा: मिटलेला, अर्धा उघडा, पूर्ण उघडा. तिन्ही वेळा ती अस्तराच्या पातळीत राहिली, वर आली नाही की खाली गेली नाही, तर कुणीतरी हा चाकू खरंच हातात धरून बसवला आहे. स्वस्तातल्या चाकवात मिटलेल्या अवस्थेत पट्टी सपाट असते, कारण शेवटचं पॉलिश त्याच अवस्थेत होतं. उघडली की ती थोडी वर येते किंवा खाली जाते. कागदाच्या जाडीएवढा फरक सोडून द्या. पायरीसारखा जाणवत असेल तर बूड बेताल कापलेलं आहे.

खेळ

अडकित्ता घेताना जाणती बाई आधी दोन्ही दांड्या धरून खुळखुळतो का ते बघते, तसंच इथे करायचं. पातं पूर्ण उघडून पात्याच्या सपाट बाजू चिमटीत धरा आणि डावी-उजवीकडे हलवा. मग वर-खाली.

पातं असं ढिलं हललं की त्याला खेळ म्हणतात. आडवा खेळ आणि उभा खेळ यांत फरक आहे. आडवा खेळ म्हणजे खिळा थोडा सैल. लांब पात्याच्या ट्रॅपर नमुन्यात टोकाशी किंचित जाणवला तर चालेल, आणि तो कमीही करता येतो. उभा खेळ म्हणजे बूड आणि पट्टी एकमेकांवर नीट टेकतच नाहीत. कापताना दर वेळी पातं किंचित डुलेल. त्याला घरी इलाज नाही. कारण शोधत बसू नका, परत करा.

टेकूची गंमत

बुडाखालचा तो टेकू आता आठवा. तो जास्त उंच राहिला तर मिटलेल्या पात्याचं टोक मुठीबाहेर डोकावतं. कमी पडला तर पातं जास्त खोल जातं, आणि मिटताना धार पोलादी पट्टीवर आपटते. बाहेरून दोन वेगळ्या वाटणाऱ्या खोडींचं मूळ एकच, हा टेकू.

धार आपटते का हे कळायला मार्करने धारेवर काळी रेघ मारा. पातं दोन-चारदा नेहमीसारखं मिटा, पट्टीच्या जोरावर आपोआप बसू द्या. मग उघडून दिव्याखाली बघा. बुडापासून टोकापर्यंत रेघ शाबूत असेल तर उत्तम. एका जागी शाई उडून चमकदार ठिपका दिसला तर तिथे धार आपटते आहे. मग तुम्ही कितीही धार लावा, त्या जागी ती बोथट होत राहणार. सध्या आपटत नसेल, पण पात्याची पाठ बोटाने दाबल्यावर धार पट्टीला टेकत असेल, तर फक्त मिटताना हाताने सावकाश सोडायची सवय ठेवा.

टोक बाहेर आलं असेल तर टेकू कानशीने अगदी थोडा उतरवून ते आत घेता येतं. दोन घासे मारायचे, मिटून बघायचं, पुन्हा दोन. एकदम उतरवलात तर पहिली खोड जाऊन दुसरी येईल. उलट दिशेची दुरुस्ती, म्हणजे टेकू ठोकून वाढवणं, कसबाचं काम आहे.

अनेक पात्यांच्या चाकवात एक पातं उघडून बाकीची मिटलेली ठेवा आणि सपाट बाजूंवर ओरखडे आहेत का बघा. कारखान्यात पाती बुडापाशी किंचित वाकवतात, म्हणजे ती एकमेकांना चुकवून बसतात. ते घाईत झालं की पाती घासतात. दोन-तीन बारीक ओरखडे दिसायला वाईट, कामाला नाही. धारच शेजारच्या पात्याला लागत असेल तर तो दोष.

पातं आणि पोलाद

पातं ट्यूबलाइटखाली धरा आणि सपाट बाजूवर दिसणारं नळीचं प्रतिबिंब बुडाकडून टोकाकडे सरकवत न्या. प्रतिबिंब सरळ गेलं तर पातं नीट घासलेलं आहे. ते लाटांसारखं हललं तर घासणाऱ्याचा हात घासायच्या फिरत्या पट्ट्यावर थांबत-थांबत गेला. आरशासारखं पॉलिश हे लपवतं असं वाटतं, पण खरं तर तेच हे उघडं पाडतं. मग टोक डोळ्यासमोर धरून धारेच्या रेषेत बघा: पातं वाकडं आहे का, दोन्ही बाजूंचा उतार सारखा आहे का.

पोलादाचं नाव वाचता येणं सोपं आहे. चिनी नावात सीआरच्या आधीचा आकडा कार्बनचा, नंतरचा क्रोमियमचा. ८सीआर१३ म्हणजे कार्बन सुमारे ०.८ टक्के, क्रोमियम १३. ३सीआर१३ म्हणजे कार्बन फक्त ०.३, गंज कमी पण धारही लवकर जाते. रफ रायडरचे बरेच चाकू ४४०ए पोलादाचे असतात, त्यात कार्बन साधारण ०.६० ते ०.७५ टक्के. रोजच्या फळं-दोरी-खोक्यांना ते पुरेसं आहे. टी१० हे साधं कार्बन पोलाद, कार्बन सुमारे १ टक्का, धार सुरेख घेतं आणि गंजतंही तितक्याच हौसेने. त्यावर कैरी कापून पातं न पुसता ठेवा, थोड्या वेळात काळंनिळं पडलेलं दिसेल. ते डाग म्हणजे बिघाड नाही, तांबूस गंज दिसला तर मात्र लगेच पुसून तेल लावा. नुसतं ‘स्टेनलेस’ किंवा ‘सर्जिकल स्टील’ लिहिलेलं असेल तर त्यातून काहीच कळत नाही.

स्वस्तातला ‘दमास्कस’, म्हणजे थरांच्या नक्षीदार पोलादाचा चाकू, मी घेत नाही. घ्यायचाच असेल तर पात्याची पाठ बघा. थरांचं पोलाद खरं असेल तर नक्षी पाठीवरूनही गेलेली दिसते. नुसती वरून उमटवलेली नक्षी पाठीच्या कडेला संपते. खरी नक्षी असली तरी थर कुठल्या पोलादाचे, याची हमी त्यातून मिळत नाही.

नावापेक्षा महत्त्वाचं आहे ते पोलादाला पाणी कसं दिलं आहे, म्हणजे तापवून-थंड करून ते किती कडक केलं आहे. ते डोळ्यांनी दिसत नाही, वापरूनच कळतं. कारखान्याच्या धारेवरून निकाल देऊ नका. या चाकवांची मूळ धार जाड आणि वाकडीतिकडी असते. शिवाय वेगाने फिरणाऱ्या पट्ट्यावर ती काढताना अगदी कडेचं पोलाद तापून मऊ पडलेलं असू शकतं. म्हणून आधी १००० नंबरच्या दगडावर, दर बाजूला १५ ते २० अंशात, स्वतः धार लावा. मग वाळलेल्या बांबूची कामटी घ्या आणि तिच्यावरून थोडे पातळ छिलके काढा. आता धार दिव्याकडे करून बघा. अखंड धार प्रकाश परतवत नाही, ती काळी रेघच दिसते. कुठे चमक दिसली तर तिथे धार दुमडली आहे, म्हणजे पोलाद मऊ. करवतीसारखे दाते दिसले तर ठिसूळ. यातलं काही दिसलं तरी एकदा पुन्हा धार लावून तीच परीक्षा घ्या. जळालेली कड निघून गेली की दुसऱ्या-तिसऱ्या धारेला पुष्कळ चाकू सुधारतात. नाही सुधारला तर पाणीच कच्चं आहे.

मूठ

हाड आहे की प्लॅस्टिक, हे मुठीच्या टोकाकडे बघून कळतं. हाडात बारीक छिद्रं आणि ठिपके असतात, प्लॅस्टिक सगळीकडे सारखं. प्लॅस्टिक वाईट असतं असं नाही. पावसाळ्यात, ओल्या हाताने, शेतावर ते हाडापेक्षा निभावतं. हाडात खिळ्यांभोवती केसासारख्या चिरा आहेत का ते बघा, त्या वाढत जातात. लाल-हिरव्या रंगवलेल्या हाडावर ओलं पांढरं फडकं घासून रंग सुटतो का तेही पाहून घ्या.

दुरुस्ती की परत

खरखर आणि जडपणा: पातं उघडून सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडा, पंचवीस-तीस वेळा उघडझाक करा, बाहेर आलेलं काळं तेल पुसा, पुन्हा थेंब सोडा. तेल स्वच्छ निघेपर्यंत हेच. फळं कापायचा चाकू असेल तर औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन वापरा. खोबरेल तेल नको, ते थंडीत गोठतं आणि पुढे सांध्यात चिकट होऊन बसतं.

सैल खिळा जाणकाराकडून हलक्या हातोडीने ठोकून आवळता येतो. नवशिक्याने करू नये, बोल्स्टरला पोचा पडतो आणि पातं घट्ट अडकूनही बसतं. उभा खेळ, नख शिरेल अशी फट, वाकडं पातं, पट्टीवर जोरात आपटणारी धार, खिळ्यापासून निघालेली चीर: यातलं काहीही असेल तर धार लावायच्या किंवा तेल सोडायच्या आधीच परत करा. वापरलेला माल कुणी घेत नाही.

इतर भाऊबंद

फ्रान्सच्या सावोआ भागातला ओपिनेल हा याच किमतीतला दुसरा पारंपरिक चाकू. १८९० पासूनचा, बीच लाकडाच्या मुठीचा. त्याला पाठपट्टी नाही, पातं लाकडात घट्ट बसतं. आठ नंबरचं पातं साडेआठ सेंटिमीटरचं. १९५५ पासून गळ्याशी फिरती कडी आली, ती फिरवली की पातं अडकतं. इथे खटका ऐकू नका. पातं मुठीच्या मधोमध आहे का आणि कडी पातं उघडं असताना घट्ट बसते का, एवढंच बघा. कोकणातल्या पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि पातं उघडता उघडत नाही. तेव्हा मुठीचं मागचं टोक टेबलावर ठोकायचं, पातं थोडं बाहेर येतं. ही सावोआतलीच जुनी युक्ती.

जपानच्या ह्योगो प्रांतातल्या मिकी गावचा हिगोनोकामी म्हणजे पत्र्याच्या घडीची मूठ आणि बुडाला अंगठ्याने दाबायची शेपटी. तो नुसत्या घर्षणावर उभा असतो. सैल झाला तर खिळ्यावर हातोडीचा हलका ठोका मारून आवळायचा, ती त्याची रीतच आहे. फ्रान्सच्या लायोल गावाच्या नावाचे चाकू मात्र चीन आणि पाकिस्तानातही बनतात, नुसत्या नावावर विसंबू नका. या चाकवांना पाठपट्टी असते आणि तिच्यावर मधमाशीची आकृती. ती पट्टीतूनच घडवलेली नसून वेगळी जोडलेली असली म्हणून चाकू वाईट ठरत नाही. बघायचं ते पट्टी आणि पात्याची जुळणीच. आणि हा चाकू कधीही आपटून मिटू नका, या जातीत धार पट्टीला लागणं नेहमीचं आहे.

भारतात आणताना

विमानात हातातल्या बॅगेत चाकू चालत नाही, चेक-इन सामानात गुंडाळून ठेवा. शस्त्र नियम २०१६ च्या अनुसूचीतली मर्यादा ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यांची आहे, आणि घरगुती वा शेतीच्या कामासाठीची हत्यारं तिच्यातून वगळलेली आहेत. या लेखातले चाकू त्या मापाच्या कितीतरी आत बसतात. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघाला की सार्वजनिक जागी साधा चाकू बाळगण्यावरही बंदी येऊ शकते. सणासुदीला, निवडणुकीच्या दिवसांत असे आदेश वरचेवर निघतात. त्या दिवसांत चाकू घरी ठेवा. बटण दाबून उघडणाऱ्या बटणचाकूच्या वाटेला जाऊच नका, आणि मेट्रो किंवा मॉलच्या तपासणीत अडवलं तर ‘हा फळं कापायचा आहे’ म्हणून हुज्जत न घालता गाडीच्या डिकीत ठेवून या.